वस्तूचे नाव आणि वस्तूचा क्रमांक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत महिला शाखेच्या सभेपुढे दिलेल्या व्याख्यानाचा, स्मरणिकेसाठी किंचित सुधारून लिहिलेला मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी ज्ञानेश्वरीवर आणि नाट्यसंगीतावर व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीला ‘बारकोड’ हा रुक्ष विषय घेऊन बसताना मला संकोच वाटतो, हे प्रथमच कबूल करतो. परंतु चिटणीसबाईंनी हा विषय मुद्दाम नेमून दिला आहे आणि त्यामागे कारण आहे. आपल्या महिला शाखेचे मेतकूट, थालिपीठाची भाजणी आणि गोडा मसाला आजवर या विशाखापट्टणमात हातोहात खपत आला. आता तो ऑनलाइन बाजारपेठांतून देशभर पाठवावा, अशा अर्थाचा ठराव वार्षिक सभेपुढे यावयाचा आहे. त्या वाटेवर पाऊल टाकताच पहिला प्रश्न विचारला जातो तो चवीचा नव्हे, शुद्धतेचाही नव्हे. तो असतो तेरा आकडी क्रमांकाचा. मी हा विषय पत्करला त्याला आणखी एक कारण आहे. ते माझ्या मनाला टोचणारे आहे. ते ओघाने येईलच.

आरंभी एक घोटाळा दूर करू. आपण ज्याला सरसकट बारकोड म्हणतो, त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक क्रमांक, आणि दुसरी त्या क्रमांकाची काळ्या-पांढऱ्या रेघांत काढलेली नक्कल. रेघा ही केवळ लिपी आहे. मजकूर आहे तो क्रमांक. ही लिपी कोणालाही लिहिता येते. कोणताही तेरा आकडी क्रमांक घ्या, संगणक क्षणार्धात त्याच्या रेघा काढून देईल, तेही फुकट. त्यामुळे “आम्ही बारकोड काढून देतो” असे कोणी म्हणाले, तर त्याला “रेघा की क्रमांक?” असा प्रश्न अवश्य विचारावा. कोर्टाच्या कागदावर सुंदर मोडी काढून देणारा कारकून म्हणजे काही जमिनीचा मालक नव्हे, तसेच हे आहे.

या रेघांचा जन्म योगायोगाने समुद्रकाठीच झाला. १९४८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ड्रेक्सेल नावाच्या तंत्रशिक्षणसंस्थेत किराणा दुकानांच्या एका साखळीचा प्रमुख गेला आणि गल्ल्यावर मालाची नोंद आपोआप व्हावी, असे काही शोधून काढा, अशी त्याने विनंती केली. ते बोलणे बर्नार्ड सिल्व्हर या तरुणाच्या कानी पडले आणि त्याने ते आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलंड याला सांगितले. वुडलंडने बालवीर असताना मोर्सची तारायंत्राची लिपी शिकलेली होती. मायामीच्या किनाऱ्यावर बसल्या बसल्या त्याने वाळूत टिंबे आणि रेघा काढल्या आणि सहज बोटे आपल्याकडे ओढली. टिंबांच्या बारीक उभ्या रेघा झाल्या, आडव्या रेघांचे जाड पट्टे झाले. आपल्या रामकृष्ण बीचवर आपली मुले रोज संध्याकाळी वाळूत बोटे ओढीत असतात. कोणाच्या बोटांतून काय निघेल, सांगता येत नाही.

१९५२ साली त्या दोघांना एकस्व मिळाले. तथापि तो कागद बराच काळ कागदच राहिला, कारण रेघा वाचणारा लेझर नव्हता आणि वाचलेले लक्षात ठेवणारा स्वस्त संगणकही नव्हता. सिल्व्हर १९६३ मध्ये निवर्तला. आपली कल्पना दुकानात उतरलेली त्याला पाहावयास मिळाली नाही. पुढे आयबीएम कंपनीच्या जॉर्ज लॉरर यांनी सिद्ध केलेला आराखडा १९७३ मध्ये मान्य झाला, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या दुकानात रिग्ले कंपनीच्या च्युइंग गमचे पाकीट पहिल्यांदा यंत्राने वाचले गेले. एवढ्या खटाटोपाचा शुभारंभ शेवटी चघळण्याच्या गोळीने व्हावा, याची मला नेहमी गंमत वाटते. युरोपने १९७७ मध्ये आपली संघटना उभारून तेरा आकड्यांची पद्धत स्वीकारली. भारतात हे क्रमांक देणारी संस्था १९९६ मध्ये दिल्लीत स्थापन झाली. ती आज जीएस-वन इंडिया या नावाने ओळखली जाते. केंद्रीय वाणिज्य मंत्रालय आणि उद्योग-व्यापाराच्या शिखर संघटना तिच्या उभारणीत होत्या.

आता तो तेरा आकडी क्रमांकच हाती घेऊ. आरंभीचे तीन आकडे ८९० असले, म्हणजे तो क्रमांक भारतातील संस्थेने दिलेला आहे. माल भारतात बनला, असा त्याचा अर्थ होत नाही! अमुक आकड्यांनी सुरू होणारा माल परदेशी, तो घेऊ नका, असे संदेश दर दिवाळीला आपल्या मोबाइलवर फिरतात. त्यांना काही आधार नाही. भारतीय कंपनीने बाहेरून बनवून आणलेल्या वस्तूवरही ८९० असू शकते. त्या तीन आकड्यांपुढे कंपनीची ओळख सांगणारे आकडे असतात, त्यांच्यापुढे वस्तूचे, आणि सर्वांत शेवटी एक पडताळ्याचा आकडा. ज्याला शंभर वस्तूंपुरते क्रमांक हवेत, त्याच्या वाट्याला वस्तूसाठी दोन आकडे येतात; ज्याला हजार हवेत त्याच्या वाट्याला तीन, आणि तेवढा कंपनीचा भाग आखूड होतो. एकूण लांबी तेराच.

पडताळ्याचा आकडा मला या सबंध रचनेत सर्वांत शहाणा वाटतो, म्हणून त्यावर थोडा वेळ घेतो. उदाहरणासाठी ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांवरचे आकडे मिळवा: ८, ०, २, ४, ६, ८ मिळून २८. सम स्थानांवरचे ९, १, ३, ५, ७, ९ मिळून ३४. त्यांची तिप्पट १०२. दोहोंची बेरीज १३०. या बेरजेला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यावयास जे कमी पडते, तो तेरावा आकडा. येथे काहीच कमी पडत नाही, म्हणून तेरावा आकडा शून्य. आता छापखान्याला फोनवरून क्रमांक सांगताना आपण तिसरा आणि चौथा आकडा उलटसुलट केला असे समजा. विषम स्थानांची बेरीज २९ होईल, सम स्थानांची ३३, तिची तिप्पट ९९, एकूण १२८. म्हणजे शेवटी २ हवेत आणि आहे शून्य. यंत्र क्रमांक नाकारील. एखादा आकडाच चुकला, तर ही युक्ती ती चूक दर वेळी पकडते. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले, तर बहुतेक वेळा पकडते; फक्त त्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असला, उदाहरणार्थ १ आणि ६ किंवा २ आणि ७, तर चूक निसटते. तेव्हा क्रमांक फोनवरून सांगूच नये, लेखी पाठवावा.

या क्रमांकात किंमत नसते, वजन नसते, कालमर्यादाही नसते. दुकानातील संगणक आपल्या यादीत हा क्रमांक शोधतो आणि त्यापुढे दुकानदाराने लिहिलेली किंमत दाखवतो. म्हणून किंमत बदलली तरी क्रमांक तोच राहतो. उलट वजन बदलले, की क्रमांक नवा लागतो. गोड्या मसाल्याचे २०० ग्रॅमचे पाकीट एक वस्तू, ५०० ग्रॅमचे दुसरी, आणि मेतकूट, भाजणी व मसाला मिळून आपण जो भेटसंच बांधतो तो तिसरीच वस्तू. वापरून सोडून दिलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला देण्याचीही आता नियमाने मनाई आहे. क्रमांक किती मागावेत याचा हिशेब करताना आपल्या भगिनी पदार्थ मोजतात. मोजावयाची असतात ती पाकिटांची रूपे.

येथवरचे सारे दुकानाला लागू पडते. ऑनलाइन बाजारपेठेत मात्र याच क्रमांकाला निराळे वजन येते, आणि माझ्या मनाला टोचणारी गोष्ट येथेच घडली.

कोपऱ्यावरच्या दुकानातला संगणक फक्त त्या दुकानाची यादी ओळखतो. तेथे आपण कोणताही क्रमांक चिकटवला तरी सहसा निभावते. ऑनलाइन बाजारपेठेची यादी सामाईक असते. तेथे एका क्रमांकाला एक पान, आणि त्या पानावर तो माल विकणारे अनेक विक्रेते, अशी व्यवस्था असते. म्हणून तुमचा क्रमांक यापूर्वीच कोणा दुसऱ्याच्या वस्तूला लागलेला असेल, तर तुमचा मसाला त्या परक्या पानावर जाऊन पडतो. शिवाय हा क्रमांक खरोखर कोणाच्या नावावर आहे, हे मोठ्या बाजारपेठा आता क्रमांक देणाऱ्या मूळ संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहतात.

२०२१ साली आपल्यापैकी एका भगिनीने गोडा मसाला आणि मेतकूट असे विकावयास काढले. त्यांचे नाव घेत नाही. त्या सभागृहात बसल्या आहेत आणि त्यांची अनुमती घेऊनच हे सांगतो आहे. यजमानांच्या पश्चात दोन मुलींच्या शिक्षणाचा भार त्यांच्यावर होता. क्रमांकासाठी दिल्लीच्या संस्थेचे शुल्क भरावे, की इंटरनेटवर कोणी जुने क्रमांक स्वस्तात विकत होता त्याच्याकडून घ्यावेत, असे त्यांनी मला विचारले. मी यंत्रांत आयुष्य घालवलेला माणूस. “काकू, आकडा तो आकडा, स्वस्त पडेल तो घ्या,” असे मी सांगितले. क्रमांक त्याच संध्याकाळी आले, रेघांच्या चित्रांसह. सोबत एक प्रमाणपत्रही आले, आणि ते पाहून मी निश्चिंत झालो. त्यांनी दोन हजार पाकिटे छापून घेतली.

पाच-सहा महिने विक्री चांगली झाली. पुण्या-नागपुरातच नव्हे, तर बडोद्याला, जबलपूरला, जेथे जेथे आपली माणसे आहेत तेथून मागणी आली, आणि ‘आईच्या हातची आठवण झाली’ असे अभिप्राय पानावर जमू लागले. मग एके दिवशी बाजारपेठेकडून पत्र आले की, हा क्रमांक आपल्या छापाच्या नावावर असल्याचा पुरावा द्यावा. पुरावा कोठून देणार? तो क्रमांक परदेशातील एका कंपनीच्या नावावर नोंदलेला निघाला. पान बंद झाले. जमलेले अभिप्राय पानाबरोबर गेले. वखारीत पडलेला माल स्वखर्चाने परत आणावा लागला आणि त्यातल्या मेतकुटाची मुदत तोवर संपत आली होती. क्रमांक विकणाऱ्याने उत्तर देण्याचे सोडून दिले. त्या काकू मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्यांनी बोल लावला असता, तर मला बरे वाटले असते.

उरलेल्या पाकिटांवर नव्या क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावण्याचे काम याच सभागृहात दोन रविवार चालले. तुमच्यापैकी कित्येकजणी त्याला बसल्या होत्या. नवा क्रमांक या वेळी त्यांच्या स्वतःच्या नावावर होता. पान नव्याने, पहिल्या अभिप्रायापासून सुरू करावे लागले.

तो विक्रेता सरळ खोटे बोलत होता, असेही म्हणवत नाही. अमेरिकेत फार पूर्वी काही कंपन्यांना दिलेल्या क्रमांकांचे सुटे तुकडे करून विकण्याचा एक व्यापारच आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात असला क्रमांक चालून जातो, म्हणून त्या व्यापाराला गिऱ्हाईक मिळते. परंतु मूळ नोंदीत नाव पहिल्या मालकाचेच राहते. चिठ्ठीवर “विकले” असे लिहून दिल्याने सातबाऱ्यावरचे नाव काही बदलत नाही.

तेव्हा क्रमांक मूळ संस्थेकडूनच घ्यावा. अर्ज ऑनलाइन भरता येतो. सोबत पॅन, वस्तू व सेवा कराचा नोंदणी दाखला, रद्द केलेला धनादेश आणि उलाढालीचा पुरावा किंवा ताळेबंद यांसारखी कागदपत्रे लागतात. शुल्क वार्षिक उलाढाल आणि क्रमांकांची संख्या यांवरून ठरते. ते वेळोवेळी बदलते, म्हणून स्मरणिकेत आकडा छापवीत नाही. क्रमांक मिळाला म्हणजे काम संपले, असे नाही. त्या संस्थेच्या ‘डेटाकार्ट’ नामक नोंदवहीत प्रत्येक पाकिटाचे नाव, छाप, वजन आणि छायाचित्र आपणच भरावयाचे असते. ही पायरी लोक विसरतात आणि मग क्रमांक आपला असूनही नोंद कोरी सापडते. छापाचे नाव नोंदीत, पाकिटावर आणि बाजारपेठेच्या अर्जात अक्षरशः एकच असावे. एकीकडे ‘गोडा’ आणि दुसरीकडे ‘गोड़ा’ असे झाले, तरी समजावून सांगण्यात आठवडा जातो.

वस्तू व सेवा कराविषयी आपल्यासारख्या दूरस्थांना एक गोष्ट विशेष लागू आहे. ऑनलाइन विकणाऱ्या अगदी लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून या करनोंदणीतून सवलत आहे, परंतु ती राज्याच्या आतल्या विक्रीपुरती. आपले गिऱ्हाईक तर बहुतेक आंध्र प्रदेशाबाहेर. येथून पुण्याला करपात्र मसाला पाठवणे म्हणजे आंतरराज्य विक्री, आणि तिला नोंदणी लागते. अन्नसुरक्षेची नोंदणी वा परवाना तर हवाच, आणि वजन, किंमत, महिना, पत्ता, तक्रारीचा दूरध्वनी हे सारे २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे पाकिटावर छापावे लागते. बारकोड यांपैकी कशाचीही जागा घेत नाही. किंबहुना मसाल्याच्या पाकिटावर बारकोड असलाच पाहिजे, असा कायदा नाही. ती बाजाराची गरज आहे.

आणि म्हणूनच, ज्यांना अजून दहा-वीस पाकिटेच विकून पाहावयाची आहेत त्यांनी लगेच क्रमांक घ्यावा, असे मी सांगणार नाही. काही बाजारपेठा हाताने केलेल्या किंवा लहान छापाच्या मालाला अर्ज केल्यावर क्रमांकाची सूट देतात. ती मागावी, वर्षभर अंदाज घ्यावा. उद्या एखाद्या मोठ्या दुकानाने माल मागितला, की क्रमांक घ्यावा. ज्या भगिनी पुस्तके छापतात, त्यांना तर हा खर्चच नाही. २००७ पासून पुस्तकाचा आयएसबीएन तेरा आकडीच असतो, तोच बारकोडातही चालतो, आणि आपल्या देशात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी यंत्रणेकडून विनाशुल्क मिळतो.

छपाईविषयी थोडक्यात. पूर्ण आकाराचा बारकोड सुमारे ३७ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर उंच असतो. तो ऐंशी टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, त्याखाली नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा हा बारकोडाचाच भाग आहे. पूर्ण आकारात डावीकडे साडेतीन मिलिमीटरांहून थोडी अधिक आणि उजवीकडे सव्वादोनहून थोडी अधिक जागा मोकळी हवी. आपल्या पाकिटाचा पैठणीचा काठ चित्रकाराने थेट रेघांना नेऊन भिडवला आहे. तो मागे घ्यावा लागेल. कोणीतरी रेघा कुंकवाच्या लाल रंगात छापण्याचे सुचवले होते. दुकानातील बहुतेक यंत्रांचा प्रकाश लाल असतो, आणि त्या प्रकाशात लाल रेघ पांढऱ्या कागदासारखीच दिसते. लाल जमिनीवर काळ्या रेघा मात्र चालतील. काचेच्या पारदर्शक बरणीवर नुसत्या रेघा छापू नयेत. आतला लोणच्याचा रंग मध्ये येतो. मागे पांढरी पट्टी द्यावी. येत्या काही वर्षांत दुकानांतून चौकोनी कोडही वाचले जावेत, असा जगभर प्रयत्न चालू आहे आणि त्यासाठी २०२७ अखेरचे उद्दिष्ट ठरले आहे. परंतु त्या चौकोनातही हाच क्रमांक असणार, तेव्हा आजचा खर्च वाया जाण्याची भीती नाही.

शेवटी ठरावाचा प्रश्न. मंडळाने आपल्या नावावर शंभर क्रमांक घ्यावेत आणि ज्या भगिनीला हवा तिला त्यातला एक द्यावा, म्हणजे खर्च वाटून जाईल, अशी सूचना आली आहे. सूचना आपुलकीची आहे, पण ती तशीच मान्य करण्यास माझा विरोध आहे. क्रमांक ज्याच्या नावावर त्याचाच छाप पाकिटावर असला पाहिजे. मंडळाचे क्रमांक प्रत्येकीच्या वेगळ्या छापाला वाटून देणे म्हणजे, सद्भावनेने का होईना, त्या क्रमांकविक्रेत्याने केले तेच करणे होय. त्याचा परिणाम कोणाला भोगावा लागतो, ते आपण पाहिले आहे.

मार्ग दोन उरतात. एक, सर्वांचा माल मंडळाच्या एकाच छापाखाली विकावयाचा. त्यात क्रमांक, परवाना आणि करनोंदणी मंडळाची. पण मग मालाच्या गुणदोषांची जबाबदारीही मंडळाची, आणि पन्नास वर्षे जपलेले नाव एका खवट झालेल्या भाजणीच्या पाकिटावर पणाला लागू शकते. माल तपासणारी समिती नेमल्याशिवाय या वाटेने जाऊ नये. दुसरा मार्ग, ज्यांचा व्यवसाय उभा आहे त्यांनी स्वतःच्या नावावर क्रमांक घ्यावेत, आणि मंडळाने पहिल्या वर्षाच्या शुल्कापुरते बिनव्याजी साहाय्य करावे. माझा कल दुसऱ्याकडे आहे. चिकटपट्ट्या लावताना ज्यांचा अनुभव डोळ्यांपुढे होता, त्या काकूंचा कल पहिल्याकडे आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. एकटीने पत्रव्यवहार करताना काय यातना होतात, हे मला ठाऊक नाही, असे त्या म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. सभेने दोघांचे ऐकून निर्णय करावा.

अर्जाचे कागद आणि पडताळ्याच्या आकड्याचा कोष्टक-तक्ता कार्यालयात ठेवला आहे. वार्षिक सभेपर्यंत दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी आणि त्या काकू, दोघेही तेथे बसणार आहोत. येताना पॅनची प्रत आणि आपल्या पाकिटाचा नमुना आणावा. छापून झालेला नको, छापण्यापूर्वीचा.